बाबांची फटफटी आणि भाऊजी

रस्त्यावरून एखादी मोटारसायकल गेली की प्रकाश भाऊजी बोलता बोलता थांबत आणि उजव्या हाताचं बोट वर करत. आवाज कोपऱ्यावर वळून विरून जाईपर्यंत ते बोट खाली येत नसे. समोर कोण बसलं आहे, विषय काय चालला आहे, याच्याशी त्या बोटाला देणंघेणं नसे. आमच्या मावशीच्या तेरवीला सगळे खाली मान घालून बसले होते, तेव्हाही ते असंच वर गेलं होतं. मग भाऊजी निदान सांगत. "प्लगमधी कचरा हाये त्याच्या." किंवा, "चेन ढिली झाली, बाप्पा." हे निदान बहुधा चुकत असे. शेजारच्या बोरकरांच्या गाडीचा पिस्टन गेला असं त्यांनी एकदा छातीठोकपणे सांगितलं. बोरकर बिचारे घाबरून गाडी दाखवायला घेऊन गेले, तर नंबरप्लेटचा नट ढिला निघाला. त्यांनी येऊन तसं सांगितलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "पण आवाज तं मले आला ना? तुमाले तं तोही नव्हता आला."

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका पुठ्ठ्याच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. शिक्षण बी.कॉम. पन्नाशी येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या स्कूटरचं चाकही कधी बदललं नव्हतं. पंक्चर झालं की ते ती ढकलत नेत. मी नागपुरात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, लग्न केलेलं नाही, आणि मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून बसवलेल्या वस्तीत, आईबाबांबरोबर राहते. भाऊजी मला 'लायब्ररीवाली' म्हणत. ते जाऊन आता वर्ष होत आलं. माणूस गेला की त्याच्याविषयी मनात जे काही टोचत असतं ते बोथट होतं असं मी ऐकत आले होते. माझं तसं झालं नाही. भाऊजी मला आवडत, त्यांची आठवण येते, आणि मला त्यांचा हेवा वाटतो. ते होते तेव्हा वाटायचा तेवढाच.

त्याचं कारण बाबा. बाबा गुरांचे डॉक्टर. माझ्या लहानपणी त्यांची नेमणूक खाप्याला होती आणि आसपासच्या गावांना ते फटफटीवर जात. शाळेत घालण्याआधीची दोनेक वर्षं ते मला बरोबर नेत. ताईला त्या आवाजाची भीती वाटायची, ती घरी राही. मी पुढे पेट्रोलच्या टाकीवर बसायची, हँडलच्या मधल्या दांड्याला धरून, आणि माझ्या डोक्यावर बाबांची हनुवटी टेकलेली असायची. त्या दिवसांतलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. नदीवरचा पूल. एका विहिरीचा काठ. ओच्यातून पेरू काढून देणारी एक बाई, जिच्या कपाळावर गोंदलेलं होतं. कोणत्या गावची ती बाई, आम्ही तिच्याकडे कशाला गेलो होतो, पुलापुढे काय होतं, हे काहीच जुळत नाही. जुळवून देऊ शकणारा माणूस एकच होता, आणि तो बोलत नसे. बाबा गुरांशी बोलत, घरात कामापुरतं. "बाबा, ती पेरूवाली बाई कोण हो?" असं मी कॉलेजात असताना विचारलं, नोकरी लागल्यावर विचारलं, परवापरवापर्यंत विचारत होते. "असन कोनी," एवढंच उत्तर यायचं. बाबांकडून मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. त्यांनी मला एकदा खुर्ची ओढून शेजारी बसवावं आणि ते रस्ते सांगावेत, एवढंच हवं होतं.

फटफटी आमच्याबरोबर नागपूरला आली, काही वर्षं चालली, मग मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी राहिली. तिची कंपनी बंद पडली. कबाडी दर दिवाळीला विचारून जायचा. बाबा मान हलवून नाही म्हणत आणि तिच्यावरची ताडपत्री नीट करून आत येत.

भाऊजींच्या आयुष्यात ती आली ती खर्र्यामुळे. सुपारी, तंबाखू नि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घेऊन तळहातावर घोटत बसायचा, हे नागपूरकडच्या माणसाला सांगायला नको. भाऊजी तो तीस वर्षं खात होते. एके दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं तर दोन बोटंसुद्धा आत जाईनात. डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून घाबरलेल्या ताईने देवापुढे बसवून त्यांच्याकडून शपथ घेतली. भाऊजींनी शपथ पाळली, पण ते मला म्हणत, "तोंडाचं काई नाई वं मंजू, तोंड मानून जाते. हाताचं काय करू? हात रिकामा राह्यला की तोंडाले आठोन करून देते." त्याच सुमारास कारखान्यातल्या पाळ्या कमी झाल्या, पगार कमी झाला, आणि रविवारी ताईबरोबर ते आमच्याकडे येऊन नुसते अंगणात येरझाऱ्या घालू लागले. अशाच एका रविवारी त्यांनी ताडपत्री उचलून पाहिलं.

"चालू करू का, बाबा, इले?"

बाबा खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "करा."

आईला हे मुळीच पटलं नाही. जावई सासुरवाडीला येतो तो पाटावर बसायला. तो मागच्या अंगणात फतकल मारून ग्रीस खरवडतो आहे हे ले-आउटमधल्या बायकांना काय सांगायचं? "जवाईबापू, राहू द्या ना. मेकॅनिकचा एखादा मानूस बोलावू," ती दारातून म्हणाली. भाऊजी म्हणाले, "त्याले पैसे लागते, आई. मले नुसता चहा लागते."

पैशाचा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. रोजच्या खर्र्याचे पैसे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायचे आणि फटफटीवर खर्च करायचा तो त्यातूनच. बरणीत नसेल तर थांबायचं. "घाई कोनाले हाये?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताई म्हणायची, "एक खर्रा सुटला तं यायनं दुसरा लावून घेतला. आधीचा निदान खिशात तरी मावत होता." बरणीचा भार हलका राहावा म्हणून ते जे फुकट मिळेल ते आणत. सीटला कारखान्यातल्या मोडक्या खुर्चीचं रेक्झीन. पायदानाला कोणाच्या तरी ट्रॅक्टरचं रबर. रंग कारखान्याच्या फाटकाला लावून उरलेला, शेवाळी हिरवा. मूळची फटफटी काळी होती. बाबांनी त्या रंगाकडे बराच वेळ पाहिलं. भाऊजी ब्रश धुता धुता म्हणाले, "फुकटात जे भेटते, बाबा, तेच ओरिजिनल."

पहिले काही महिने बाबा खुर्चीतून हलले नाहीत. हलले ते टाकीमुळे. टाकी आतून गंजली होती. भाऊजींनी कुठूनतरी ऐकलं आणि तिच्यात चिंचेचं पाणी नि बारीक गिट्टी घातली, तोंड बांधलं, आणि टाकी पोटाशी धरून दोन रविवार अंगणात हलवत राहिले. बोरकर कुंपणावरून म्हणाले, "काय गा प्रकाशभाऊ, पोरगं झोपत नाई काय?" तिसऱ्या रविवारी गंज सगळा निघाला, आणि कळलं की इतकी वर्षं त्या गंजानंच टाकी सांधून धरली होती. पेट्रोल घालताच बुडातून थेंब थेंब गळू लागलं. भाऊजी खाली बसून त्या थेंबांकडे बघत राहिले. तेव्हा बाबा उठले. काही न बोलता न्हाणीत गेले, कपडे धुण्याच्या पिवळ्या साबणाचा तुकडा घेऊन आले, आणि गुडघ्यावर बसून तो टाकीच्या बुडाला घासू लागले. गळणं थांबलं.

"हे कोनं शिकवलं, बाबा?" भाऊजींनी विचारलं.

बाबा म्हणाले, "खाप्याले मेकॅनिक नव्हता. एकदा असंच रानात..." आणि थांबले. मग साबण भाऊजींच्या हातात देऊन म्हणाले, "कोरडा घासा. ओला चिकटत नाई."

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. त्या खिडकीतून मागचं अंगण दिसतं. 'एकदा असंच रानात' या तीन शब्दांची मी वीस वर्षं वाट पाहत होते, आणि ते निघाले ते एका साबणाच्या तुकड्यामागून, दुसऱ्या कोणासाठी.

त्यानंतर बाबांची खुर्ची दर रविवारी फटफटीच्या पुढ्यात जाऊ लागली. पुढे खुर्चीही सुटली, दोघं पोत्यावर बसू लागले. मी सकाळी बाबांना रक्तदाबाची गोळी द्यायची, नाश्ता द्यायची, आणि त्यांचं लक्ष फाटकाच्या कडीकडे. एकदा दहा वाजून गेले तरी ताई-भाऊजी आले नाहीत, तर बाबांनी मला विचारलं, "आज कळमेश्वरची बस बंद हाये काय वं?" कॉलेजातून मला यायला उशीर झाला तर त्यांनी बसची चौकशी केल्याचं मला आठवत नाही. हे लिहिण्यासारखं नाही हे मला कळतं, पण ते मला आठवतं.

एका रविवारी मी धीर करून अंगणात गेले. "मी काही करू का?" भाऊजी लगेच म्हणाले, "ये ना वं. हे पकड, मी तिकडून पिळतो." मी हात पुढे केला. बाबा म्हणाले, "नको. तिचे हात खराब होतीन. तिले पुस्तकं हाताळा लागते." त्यांच्या मनात माया होती, यात शंका नाही. मी ओढणीला हात पुसले. त्यांना काही लागलेलंच नव्हतं.

आणि असंच कधीतरी बाबा म्हणाले, "प्रकाश, तो पाना दे गा." आई आत तांदूळ पाखडत होती, तिचं सूप थांबलं. जावयाला 'अहो जवाईबापू' सोडून दुसरं काही म्हटलेलं तिने घरात ऐकलं नव्हतं. भाऊजींना काही विशेष वाटलं नसावं. त्यांनी पाना दिला. चुकीचा दिला. बाबा म्हणाले, "डोळे फुटले काय बे?" आणि दोघं हसले.

भाऊजींच्या चुका सांगायच्या तर सायलेन्सरची सांगायला हवी. जुन्या फटफटीच्या सायलेन्सरमध्ये जळक्या तेलाची काजळी बसते आणि ती काढायला तो विस्तवात भाजावा लागतो. वेल्डरकडे भाजून घ्यायचा तर पैसे, आणि बरणीचा तळ दिसत होता. भाऊजींना वाटलं, चार दिवसांनी ले-आउटची होळी आहे, एवढा मोठा विस्तव फुकट. संध्याकाळी लाकडं रचताना त्यांनी सायलेन्सर मधोमध उभा करून ठेवला आणि वर गोवऱ्या लावल्या. होळी पेटली. बायका नैवेद्याचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन फेरे घालू लागल्या. बोरकर वहिनींनी पाण्याची धार धरली, तिच्यातलं पाणी नेमकं त्या लालभडक नळीवर गेलं, आणि आतून असा काही आवाज झाला की वहिनींच्या हातातली पुरणपोळी होळीच्या आधी रस्त्यावर पडली. जळक्या तेलाचा काळा धूर सगळ्यांच्या तोंडावर आला. लोक बोंब मारायची विसरले. भाऊजींनी काठीने सायलेन्सर ओढून काढला तर तो दोन तुकड्यांत निघाला. बोरकर म्हणाले, "आमचे जवाई नसते तं आज होळीत तुमालेच टाकलं असतं." भाऊजी एक तुकडा डोळ्याला लावून आरपार बघत म्हणाले, "साफ तं झाला ना पण."

बाबा फाटकाशी उभे होते. ते हसत होते, तोंडाला रुमाल लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मलाही हसू येत होतं. पण मी होळीकडे न बघता बाबांकडे बघत होते, आणि बाबा भाऊजींकडे.

त्या वर्षी श्रावण अधिक आला. अधिक महिन्यात, आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात, लेक-जावयाला बोलावून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं, जमेल तशी भेटवस्तू द्यायची. आईने विचारलं, "जवाईबापू, यंदा तुमाले काय घ्यायचं? कपडे घेऊ का चांदीचं भांडं?" भाऊजी पानावर बसले होते. ते म्हणाले, "मले फटफटी द्या."

मी अनारसे तळत होते. झाऱ्यातला अनारसा कढईत विरघळला तरी मला कळलं नाही.

बाबा म्हणाले, "घेऊन जाय."

संपलं. एवढ्या दोन शब्दांत. बाबांनी विचार करायला एक घाससुद्धा घेतला नाही. मला मोटारसायकल चालवता येत नाही, मला ती कधी हवीही नव्हती. पण ज्या टाकीवर मी बसत असे ती टाकी आता वाणाच्या ताटातून कळमेश्वरला जाणार होती. जावयाने मागायचं तर त्याच्यासाठी एक अख्खा महिना ठेवलेला आहे. घरातल्या मुलीने मागायचं तर कोणत्या महिन्यात मागायचं? आईने खसखस लावलेले अनारसे ताटात रचले, त्यावर दिवा ठेवला, आणि फटफटीच्या हँडललाही हळदकुंकू लावलं. भाऊजी मला म्हणाले, "चालू झाली की पहिले तुले फिरवतो, लायब्ररीवाले." मी म्हटलं, "मला कॉलेज असतं." रविवार होता.

हिवाळ्यात त्यांच्या गालाच्या आत एक फोड आला, तो जाईना. तपासण्या झाल्या. खर्रा सोडून दोन वर्षं झाली होती, पण आधीच्या तीस वर्षांनी त्यांना सोडलं नव्हतं. शस्त्रक्रियेत जबड्याचा एक भाग काढावा लागला आणि जिभेचाही. दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी बोट वर केलं. खालच्या रस्त्यावरून गाडी जात होती. ती गेली, बोट खाली आलं, आणि निदान सांगायला त्यांनी तोंड उघडण्याचा प्रयत्न केला. ताईने तोंड फिरवलं. मी खिडकीतून खाली बघून म्हटलं, "प्लगमध्ये कचरा असेल." त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

घरी सोडल्यावर ते पुन्हा रविवारचे येऊ लागले. नागपुरात उन्हं तापली की सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, त्यामुळे बसमध्ये कोणाला काही वेगळं वाटत नसे. ते येत, पोत्यावर बसत, आणि दुपट्ट्याआडून काम करत. इतकी वर्षं त्या अंगणात बडबड असायची ती त्यांची. आता पान्याचा आवाज आणि पोळीच्या लाटण्याचा आवाज, बाकी काही नाही. दोन रविवार असे गेले.

तिसऱ्या रविवारी बाबा बोलू लागले.

सुरुवात कशावरून झाली मला माहीत नाही. मी खिडकीशी आले तेव्हा ते एका म्हशीविषयी सांगत होते. अडलेली म्हैस, पुरात अडकलेलं गाव, आणि फटफटी डोंग्यातून पलीकडे नेणारे चार कोळी. बाबा सलग बोलत होते. मधे थांबत, पुन्हा धरत, माणसांची नावं सांगत, त्यांचे आवाज काढून दाखवत. मला माहीत नव्हतं की बाबांना आवाज काढता येतात. भाऊजी कार्बोरेटर पुसता पुसता त्यांच्याकडे बघत. त्यांना मधे बोलता येत नव्हतं. बहुधा म्हणूनच बाबांना बोलता येत होतं. पुढचे सगळे रविवार हेच. गेल्या चाळीस वर्षांत न सांगितलेलं सगळं अंगणात येऊन पडत होतं, आणि मी पोळ्या लाटत होते. नळ बंद करून ऐकायची, मिक्सर लावायची नाही. आई म्हणायची, "चटनी वाट ना वं." मी म्हणायची, "वाटते."

अशातच माझं नाव आलं.

"मंजी टाकीवर झोपून जाये," बाबा सांगत होते. "मंग एका हातानं तिले धरू आन् एका हातानं गाडी. क्लच दाबाले हातच नाई. तिसऱ्या गेरात टाकून द्यायची, ते खाप्यापर्यंत तिसऱ्यातच. एकदा दिवेलागनीले घरी आलो. आता थांबू कसा? घरापुढून निघून गेलो. बाजारातून गोल फिरून वापस आलो, पुन्हा घरापुढून गेलो. असं चार-पाच खेप. लोक दारात येऊन पाहून राह्यले, डॉक्टरले झालं काय म्हनून. मंग..."

कुकरची शिट्टी झाली. एक झाली, मागोमाग दुसरी. मी गॅस बंद केला, वाफ बसेपर्यंत थांबले, आणि खिडकीशी आले तेव्हा बाबा गप्प होते. गोष्ट संपली होती.

उन्हाळ्याच्या अखेरीस फटफटी सुरू झाली. किक मारायची ताकद दोघांतही नव्हती. आळीपाळीने एकेक मारून दोघं पोत्यावर बसले, धापा टाकत, एकमेकांकडे बघून हसत. शेवटी बोरकर कुंपण ओलांडून आले आणि त्यांनी मारली. शेवाळी हिरव्या फटफटीने निळा धूर सोडला. भाऊजी पुढे बसले, बाबा मागे. बाबांनी दोन्ही हातांनी त्यांच्या पोटाला मिठी घातली, आणि दोघं ले-आउटच्या रस्त्यांवरून फिरले. मी फाटकात उभी होते. फिरून आल्यावर भाऊजींनी माझ्याकडे बघून मागच्या सीटवर हात थोपटला. पण बाबा अजून उतरले नव्हते, आणि मी त्यांना उतरा म्हणू शकले नाही.

फटफटी टेम्पोतून कळमेश्वरला गेली. पावसाळ्यानंतर भाऊजींचं दुखणं उलटलं आणि दिवाळीनंतर ते गेले. ताईने गाडी परत न्या म्हणून निरोप पाठवला, तिच्याकडे ती कोण चालवणार? बाबा म्हणाले, "वाणात देल्लेलं वापस घेत नसते. त्याची हाये." आणि ते पुन्हा पूर्वीसारखे झाले. खुर्ची, वर्तमानपत्र, गोळी. रविवार आला की फाटकाकडे बघत नाहीत, पाठ करून बसतात.

मी वाट पाहिली. मग मीच खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसू लागले. "बाबा, त्या म्हशीचं सांगा ना." "प्रकाशले सांगतलं होतं," ते म्हणत. "बाबा, तो डोंगा कोणत्या गावचा?" "प्रकाशले माहीत होतं." त्यांना वाटायचं की सांगून झालं आहे, एकदा सांगितलेलं पुन्हा काय सांगायचं. माझ्या वाट्याचं सगळं त्यांनी भाऊजींजवळ ठेवलं होतं आणि भाऊजी ते घेऊन गेले होते. त्या दिवसांत मी भाऊजींवर जेवढी चिडले तेवढी ते असताना कधी चिडले नव्हते.

मागच्या आठवड्यात मी वेगळं केलं. विचारलं नाही. मीच सांगायला लागले. "बाबा, तुम्ही मला घेऊन घरापुढून गोल गोल फिरत होता ना, क्लच दाबायला हात नव्हता म्हणून. मग आईनं बाहेर येऊन मला उचललं, आणि..."

"नाई वं," बाबा म्हणाले. "आई घरात नव्हती. देवळात गेल्ती."

"मग कोणी थांबवलं?"

"कोनी कायले थांबवन? पेट्रोल संपलं तवा थांबली."

  ते वर्तमानपत्राची घडी घालू लागले. मग म्हणाले, "प्रकाशनं तवाच पाय दाबून दाखोला मले. ब्रेक होता ना, म्हने. ब्रेक तं पायात राह्यते." त्यांनी स्वतःचा उजवा पाय फरशीवर दाबला. "होता. नाई लावला. तू झोपली होती."

अंगणात आईच्या कुंड्या ठेवलेल्या आहेत. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ब्रेकचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भाऊजींच्या आलं होतं, तिथल्या तिथे, आणि बाबांना एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं ते त्यांनी एका पायाने विचारलं होतं. मला वाटलं, हेही त्यांना माझ्या आधी कळलं.

"तसाच उठून गेल्ता तो," बाबा म्हणाले, "तुले बोलवाले. खिडकीपाशी."

मग मला ते आठवलं. कुकरची वाफ नुकतीच बसली होती. भाऊजी खिडकीबाहेर उभे होते, तोंडाला दुपट्टा, आणि हाताची बोटं आपल्याकडे वळवून हलवत होते. मी म्हटलं, "आणते, आणते," आणि त्यांना गिळता येईल असा कोमट करून अर्धा कप चहा गजांतून दिला. त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कप घेतला आणि परत जाऊन बसले.

"चहा घेऊन आला वापस," बाबा म्हणाले. "मले वाटलं, तुले यायचं नसन."